पाचशे प्रती

मागच्या पावसाळ्यात नरखेड तालुक्यातील एका खेड्याहून एक निवृत्त गुरुजी आमच्याकडे आले. जयभीम झाला, पाणी झाले, चहा झाला. मग त्यांनी कापडी पिशवीतून आपले पुस्तक काढून आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "हे तुमाले पाठवून आठ महिने झाले. एक ओळ नाई लिवली. काहून जी?"

पुस्तक आत्मकथनाचे. पाने ९६. निवृत्तीच्या पैशातून पाचशे प्रती छापल्या होत्या. दीडेकशे वाटल्या गेल्या, पंचवीस-तीस विकल्या, बाकीच्या पलंगाखाली लोखंडी पेटीत. पेटीला उधई लागू नये म्हणून गुरुजी दर महिन्याला ती अंगणात काढून ऊन दाखवतात.

खोटे कशाला सांगावे? पुस्तक आम्ही दोनदा वाचले होते. लिहिले नाही ते वेळ नव्हता म्हणून नव्हे. पुस्तक पुरते जमले नव्हते, आणि तसे छापून सांगायचे आमचे धाडस झाले नव्हते.

हे धाडस का होत नाही, तेही वाचकांना सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्या एका तरुणाचा कवितासंग्रह आमच्याकडे आला होता. कविता कच्च्या होत्या. पण पोरगा आपला, कष्टाचा, म्हणून आम्ही याच जागेवर 'काळजाला हात घालणारी कविता' असे लिहून मोकळे झालो. त्याने ते कात्रण जपून ठेवले आणि त्याच्या जोरावर पतसंस्थेचे कर्ज काढून हजार प्रतींची दुसरी आवृत्ती छापली. मागच्या मुखपृष्ठावर आमचे वाक्य मोठ्या अक्षरात. प्रती खपल्या नाहीत. हप्ते त्याच्या बायकोने दोन हंगाम संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करून फेडले. ती बाई आम्हाला पुढे एका लग्नात भेटली. वाढपाच्या पंगतीत जवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, तुमाले खरंच आवडल्या होत्या का जी त्या कविता?" आम्ही मान खाली घालून वरण-भात कालवत राहिलो.

तेव्हापासून आम्ही खोटी स्तुती बंद केली. पण खरे बोलायलाही शिकलो नाही. मधला सोपा मार्ग धरला, गप्प बसण्याचा. गुरुजी दारात उभे राहिले तेव्हा कळले की गप्प बसणे हेही माणसाला लागते.

स्वतः पैसे घालून पुस्तक छापणे याला शहाणे लोक हौस म्हणतात. मोठ्या प्रकाशकाने नाकारले म्हणून घरच्या घरी छापले, असा त्यात टोमणा असतो. आपल्या घरात तरी हा टोमणा चालू नये. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषणाचा मजकूर पाहून मंडळी कचरली आणि अधिवेशनच रद्द झाले. बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. किंमत आठ आणे, प्रती १५००. दोन महिन्यांत आवृत्ती संपली. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' म्हणून ज्या ग्रंथाचे नाव आज जगभर घेतले जाते, तो पदरच्या पैशाने छापलेला आहे. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या, त्यांनी तो फुकट वाटला नाही. आठ आणे किंमत लावली.

त्याही आधी आपल्याच जिल्ह्यात, मोहप्याच्या किसन फागू बनसोडे यांनी १९१० साली स्वतःचा छापखाना उभा केला आणि 'निराश्रित हिंद नागरिक' काढले. पुढे 'विटाळ विध्वंसक' १९१३ साली, 'मजूर पत्रिका' १९१८ साली, 'चोखामेळा' १९३१ साली. नावे नुसती वाचली तरी माणसाचा आयुष्यभराचा प्रवास दिसतो. मोहपा नरखेडहून फार लांब नाही. काटोल ओलांडले की कळमेश्वरच्या बाजूला आलेच. पण आमच्या तालुक्यातल्या किती शाळकरी मुलांना हे नाव माहीत आहे?

आणि महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' घ्या. त्याचे सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त आले आणि पुढचे छापायचे थांबले. 'दीनबंधू' तर आपल्याच चळवळीचे पत्र, लोखंडे यांचे. संपूर्ण पुस्तक जोतिरावांच्या हयातीत निघाले नाही. म्हणजे परक्यांनी नाकारले असेच दर वेळी होत नाही. कधी आपलेही कचरतात. हे आम्ही आमच्यासाठीच लिहून ठेवतो.

गुरुजींना आम्ही आणखी एक हकीकत सांगितली, ती त्यांना ठाऊक नव्हती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापायला सुमारे वीस हजार रुपये लागणार होते. तेवढे पैसे बाबासाहेबांजवळ नव्हते. टाटांकडून तीन हजार मिळाले. मग १४ सप्टेंबर १९५६ रोजी, म्हणजे दीक्षेच्या बरोबर एक महिना आधी, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले की बुद्धजयंतीच्या निमित्ताने सरकारने या ग्रंथाच्या पाचशे प्रती विकत घ्याव्यात. उत्तर आले की त्या कामासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे. ग्रंथ छापून बाहेर आला तो १९५७ साली. बाबासाहेबांनी तो छापील स्वरूपात पाहिला नाही.

"पाचशेच मागितल्या होत्या?" गुरुजींनी विचारले. मग बराच वेळ ते आपल्या पिशवीकडे पाहत बसले.

आता पुस्तकांकडे वळू. आमच्याकडे येणाऱ्या पुस्तकांत तऱ्हा फार असतात आणि सगळ्यांना एकच माप लावून चालत नाही.

सगळ्यांत जास्त येतात त्या भीमगीतांच्या पुस्तिका. सोळा पाने, बत्तीस पाने, वर पिवळे किंवा निळे मुखपृष्ठ, प्रत्येक गाण्यावर 'चाल' म्हणून कुठल्या तरी सिनेमाच्या गाण्याचे नाव. यांचे परीक्षण डोळ्यांनी करू नये. आम्ही ती पुस्तिका वस्तीतल्या गायन पार्टीच्या हाती देतो. ढोलकीवर बसले आणि दुसऱ्या कडव्याला मागच्या बायांनी आपणहून साथ दिली, तर गाणे पास. वामनदादा कर्डकांची गाणी आधी गावोगाव तोंडी पोचली होती, 'वाटचाल' हा संग्रह १९७३ साली नंतर आला. जे गाणे गळ्यात बसत नाही ते कागदावर कितीही क्रांतिकारक असले तरी कागदावरच राहते. गीतकारांना एवढीच विनंती की दर गाण्यात तेच ते 'सूर्य' आणि 'तुफान' आणू नका. बाबासाहेबांवर प्रेम असलेली आपली आजी कधी 'तुफान' म्हणत नाही. तिचे शब्द घ्या.

दुसऱ्या येतात त्या वंदनेच्या आणि संस्कारविधीच्या पुस्तिका. नामकरण, मंगल परिणय, पुण्यानुमोदन. इथे मात्र आम्ही कडक आहोत. एकाने छापली, दुसऱ्याने त्यावरून उतरवली, तिसऱ्याने दुसऱ्यावरून, अशा चुका वाढत जातात. 'वेरमणी'चे 'वेरमनी' होते, अनुस्वार गळतात, आणि आपली लेकरे तेच पाठ करतात. कवितेतली चूक कवीपुरती असते, ही घराघरात जाते. छापण्याआधी पाली जाणणाऱ्या भन्तेजींना किंवा बौद्धाचार्यांना एकदा दाखवा. हे काम एका संध्याकाळचे आहे.

तिसरी तऱ्हा गावाच्या इतिहासाची. ही पुस्तके भाषेने ओबडधोबड असतात, तरी आम्हाला ती सर्वांत मोलाची वाटतात. गावात दीक्षेला कोण कोण गेले, कुठल्या बैलगाडीने गेले, कोणत्या विहिरीवरून भांडण झाले, समाजमंदिराची जागा कोणी दिली, हे दुसरा कोण लिहिणार? पण यात एक खोट नेहमी सापडते. पुरुषांची नावे पानभर आणि बाईचे नाव 'त्यांच्या सुविद्य पत्नी'. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून, 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढले. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने ते आधी वाचावे आणि मग पहिली मुलाखत आपल्या घरातल्या म्हातारीची घ्यावी. आमच्या तालुक्यातल्या लिहित्या हातांकडे एक मागणी आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने मोवाड बुडाले, दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या रात्री आपल्या वस्तीत काय झाले, कोण कोणाला कोणत्या छपरावर ओढून घेतले, हे सांगणारी माणसे आता म्हातारी होत चालली आहेत. यावर कोणी साधी वही भरून पाठवली तरी आम्ही ती पहिल्या अक्षरापासून वाचू.

कवितासंग्रहांबद्दल वर सांगितलेच आहे. जास्त बोलवत नाही.

बायांची पुस्तके फार कमी येतात, आणि ती येतात तेव्हा पाकिटावर पत्ता बहुधा भावाच्या किंवा मुलाच्या हस्ताक्षरात असतो. बेबीताई कांबळे फलटणला आपले छोटे दुकान सांभाळून लिहीत होत्या आणि ते लिखाण त्यांनी कित्येक वर्षे घरात लपवून ठेवले होते. तेच पुढे 'स्त्री' मासिकातून आणि मग 'जिणं आमुचं' म्हणून पुस्तकरूपाने आले. अशी किती वह्या आज आपल्या घरांत धान्याच्या कोठीमागे असतील? ज्या घरातल्या बाईच्या हातात रात्री पेन दिसेल, त्या घरातल्या पुरुषाने भांडी घासून टाकावीत. आमचे म्हणणे कोणाला झोंबले तर झोंबू द्या.

राहिली आत्मकथने, म्हणजे पुन्हा गुरुजी.

आम्ही त्यांना सरळ सांगितले. गुरुजी, तुमच्या ९६ पानांत ५० पाने बदल्यांची आहेत. कुठल्या शाळेवर रुजू झालो, कोणत्या साहेबांनी पाठ थोपटली, कोणत्या सभेत शाल-श्रीफळ मिळाले. हे तुमच्या घरच्यांना आवडेल, परक्याला नाही. पण पान ४१ ते ४३ आम्ही तिसऱ्यांदा वाचले. त्यात तुमची आई आहे. संत्र्याच्या बगीच्यात लाकडी पेट्या भरायला जाणारी. तिला लिहिता येत नव्हते आणि मुकादम पेट्यांच्या हिशेबात दर आठवड्याला मारत होता, म्हणून ती घरी येऊन चुलीच्या कोळशाने भिंतीवर रेघा ओढायची. तुम्ही पहिलीत अंक शिकलात आणि पहिल्यांदा मोजलेत त्या त्या रेघा. तिने तुम्हाला हाताशी धरून मुकादमासमोर उभे केले आणि म्हणाली, "आता बोल." एवढे लिहून तुम्ही पुढच्या ओळीत डी. एड.ला प्रवेश घेतलात! मुकादम काय म्हणाला? पैसे दिले का? दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतले का?

गुरुजी म्हणाले, "ते पान तर मी काढूनच टाकणार होतो. पोरगं म्हणे, आजीची मजुरी कायले छापता बाबा, लोक काय म्हणतीन."

मग त्यांनी मुकादमाची सगळी गोष्ट सांगितली. तासभर सांगत होते. ती इथे आम्ही लिहीत नाही, ती त्यांची आहे.

जाताना त्यांनी काही कामाच्या गोष्टी विचारल्या, त्या इतर लेखकांनाही उपयोगी पडतील. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाची एक-एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. आपले लेखक मुख्य पाहुण्यांना दहा प्रती देतात आणि हे विसरतात. पेटीला उधई लागली तरी तिथली प्रत राहील. पोस्टाची नोंदणीकृत बुक पोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा टपालखर्चाने अनेकांचे हात पोळले. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले आहे. सुरू झाले तेव्हा तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये असा दर होता. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव मात्र छापलेले हवे.

दिवाळीनंतर गुरुजींची दोनशे पानी वही आमच्याकडे पोचली. अठ्ठावीस पाने भरलेली आहेत. मुकादम आला आहे, आईचा पगार कापला गेला आहे, बगीच्यातल्या आणखी चार बाया भिंतीवर रेघा ओढायला लागल्या आहेत. एक पान खोडून परत लिहिले आहे, आणि समासात 'इथे बदलीचा आदेश घ्यावा का?' असे आम्हाला विचारले आहे. आम्ही उलट टपाली 'नको' असे कळवले.

वही पुरी होईपर्यंत आपले नाव छापू नये असे त्यांनी सांगितल्यामुळे ते इथे दिलेले नाही. पेटीतल्या प्रती आहेत. ज्यांना पान ४१ ते ४३ साठी पुस्तक हवे असेल त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. किंमत साठ रुपये, टपालखर्च वेगळा. सप्रेम भेट कोणी मागू नये, पैसे गुरुजींना पोचते करू.