इंजिन खोलण्यापूर्वी

पावसाळा सरल्यावर मुळशी तालुक्यातील माले येथे आमच्या बहिणीकडे जाणे झाले. अंगणात मोटारसायकल उभी होती. हँडलला सुकलेला झेंडूचा हार, आणि शेजारी भाचा तोंड पाडून बसलेला. जयभीम झाला, पाणी झाले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, फसलो आपण."

भाचा पिरंगुटला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. रात्रीची पाळी सुटल्यावर परतायला एसटीचा भरवसा नाही, म्हणून बहिणीने बचत गटातून कर्ज काढून त्याला ही शंभर सीसीची जुनी गाडी घेऊन दिली. पण गाडी पाच-सहा किलोमीटर गेली की आचके देई आणि बंद पडे. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू! पंधरवड्यात दोन खाडे झाले होते. तिसरा झाला तर काम जाणार. वाटेवरच्या एका मेकॅनिकने गाडी न चालवताच निदान केले होते, "रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागेल. सात हजार." बहीण कानातले गहाण ठेवायच्या विचारात होती.

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी काय सांगितले, ते आपण विहारात नेहमी ऐकतो. केवळ कुणी सांगितले म्हणून, ऐकीव आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पडताळून पाहा. हा उपदेश फक्त वंदनेच्या वेळेपुरता आहे काय? सात हजारांच्या इंजिनालाही तो लागू आहे. आम्ही काही मेकॅनिक नाही. पण मामा-भाचे मिळून पडताळणीला बसलो.

आधी तेल. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी केली. दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद केली, तेल खाली उतरू दिले. तेलाची काडी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये होते, मात्र काळे. ते दुधाळ चहासारखे दिसले असते तर पाणी शिरले असे समजायचे. मुळशीच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या गाडीबाबत हे बघावेच.

मग धूर. चार-स्ट्रोक गाडीतून निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळते आहे. सुरू करतानाच थोडा येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या सीलचा संशय घ्यावा. रेस केल्यावर वाढत गेला तर रिंगांचा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. चोक अडकला असेल किंवा एअर फिल्टर तुंबला असेल. थंड सकाळी येऊन विरणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांना हा नियम लावू नये. त्यांत पेट्रोलबरोबर तेल जळतच असते. भाच्याच्या गाडीला निळा धूर नव्हता. मग रिंगा गेल्या कशावरून?

प्लग काढला. टोक बिस्किटी रंगाचे, कोरडे. म्हणजे ज्वलन ठीक. टोक काळे आणि तेलकट निघाले असते तर मेकॅनिकचे म्हणणे खरे वाटले असते.

आता खरी परीक्षा. गाडी पौडच्या रस्त्याला काढली आणि बंद पडू दिली. बंद पडलेल्या क्षणीच तपासायचे, हे महत्त्वाचे. प्लग काढून, टोपीत बसवून, इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारली. (पेट्रोल सांडलेले नसावे, टाकीचे झाकण बंद असावे आणि प्लगच्या भोकापासून ठिणगी दूर ठेवावी.) ठिणगी निळी, कडक पडली. म्हणजे वीज आहे. अडते आहे ते पेट्रोल. प्लग जागेवर बसवला आणि मग टाकीचे झाकण उघडले. 'फुस्स' असा आवाज होऊन हवा आत गेली. झाकण लावून किक मारली, तर गाडी पहिल्या किकला सुरू!

टाकीच्या झाकणाला हवेचे बारीक छिद्र असते. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. ते बुजले की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरणे थांबते. थोड्या वेळाने हवा कशीबशी झिरपते, म्हणून दहा मिनिटांनी गाडी चालते. आधीच्या मालकाच्या काळातला चिखल तिथे वाळून बसला होता. बारीक तारेने छिद्र मोकळे केले. दुसऱ्या दिवशी भाचा पिरंगुटला जाऊन आला. गाडी कुठेही थांबली नाही. खर्च झाला तो फक्त नव्या तेलाचा.

प्रत्येक दुखणे इतके स्वस्त नसते. निळा धूर येतो, तेल कमी होते, चढाला दम राहत नाही, अशी लक्षणे एकत्र दिसली तर टाळाटाळ करू नये. तरीही इंजिन खोलण्याआधी मीटर लावून कॉम्प्रेशन मोजायला सांगावे. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष रिंगांकडे, न चढला तर बहुधा व्हॉल्व्हकडे. बदललेले भाग परत मागून घ्यावेत. प्रामाणिक मेकॅनिकला याचा राग येत नाही. आपलीही कितीतरी मुले या धंद्यात नाव राखून आहेत.

१९२९ साली चाळीसगावला बाबासाहेबांना न्यायला टांगेवाल्याने नकार दिला. टांगा देतो, पण हाकणार नाही, म्हणाला. तेव्हा आपल्याच एका माणसाने, कधी टांगा हाकला नसताना, लगाम हाती घेतला. अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. त्या माणसाची निष्ठा उणी नव्हती. त्याला ती विद्या कुणी मिळू दिली नव्हती. आज गाडी आपल्या दारात उभी आहे. तिला हार घालावा, जरूर घालावा. पण तिची विद्याही घरात यावी. भाच्याबरोबर त्याची धाकटी बहीणही तेलाची काडी बघायला शिकली, याचा आम्हाला गाडी सुरू झाल्याहून अधिक आनंद झाला.

जयभीम!