चाकातला एक किलो, डिकीतले किती?

चाकात वाचवलेला एक किलो म्हणजे गाडीत वाचवलेले आठ किलो, असे हौशी गाडीवाले सांगतात. कोणी चार म्हणतो, कोणी दहा. जळगाव-धुळ्याच्या टायरच्या दुकानांतून ही समजूत वर्गापर्यंत येते. ती चूक आहे असे माझे म्हणणे आहे, आणि ते पडताळायला प्रयोगशाळाही लागत नाही.

कॅरम बोर्डाची एक बाजू दोन पुस्तकांवर टेकवा (पावडर मात्र पुसून घ्या). वरच्या बाजूला स्ट्रायकर आणि धातूची बांगडी उभी धरा, पुढच्या कडा एका रेषेत ठेवा आणि दोन्ही एकदम सोडा. स्ट्रायकर जिंकेल. बांगडी जड घ्या की हलकी, लहान घ्या की मोठी, निकाल तोच. बांगडीचे सारे वस्तुमान कडेला असते, म्हणून तिच्या गतिज ऊर्जेपैकी निम्मी पुढे जाण्यात आणि निम्मी स्वतःभोवती फिरण्यात वाटली जाते. भरीव स्ट्रायकरची फक्त एक तृतीयांश फिरण्यात जाते.

चाकाचेही तसेच. गाडी ज्या वेगाने पुढे जाते, त्याच वेगाने चाकाची कड आसाभोवती फिरते. तेव्हा अगदी कडेवरचा एक किलो वेग घेताना दोन किलोंसारखा वागतो. आसाजवळचा जेमतेम एकासारखा. दोनाच्या वर आकडा जाणारच नाही, मग चाक स्कूटरचे असो वा ट्रकचे. शिक्षकांनी बारावीला जडत्वाच्या आघूर्णाची सूत्रे पाठ करून घेण्याआधी एवढे दाखवले, तर सूत्रे आपोआप लक्षात राहतील.

आता हिशेब करू. समजा, १००० किलोच्या मोटारीला प्रत्येकी ३ किलोंनी हलकी अशी चार चाके बसवली. वाचले १२ किलो. दुपटीने धरले तरी २४. दप्तर घेतलेला पाचवीतला मुलगा गाडीतून उतरला, तर साधारण तेवढाच फरक पडेल. एका वेगाने चालताना तर फिरत्या वस्तुमानाचा हा जादा भारही उरत नाही. कापूस भरून संथ चालणाऱ्या बैलगाडीला लोखंडी धावेचे जड चाक जाचले नाही, त्याचे एक कारण हेच.

मग हलके चाक निरुपयोगी का? मुळीच नाही, फायदा आहे, पण निराळ्या ठिकाणी. बैलगाडीला स्प्रिंग नसते, म्हणून चाक उडाले की गाडीच उडते. मोटारीत चाक स्प्रिंगच्या खाली असते आणि माणसे वर. एरंडोल-पारोळ्याकडच्या एखाद्या खडबडीत फाट्यावर चाक खड्ड्यात आपटून वर उसळते, तेव्हा त्याला पुन्हा रस्त्यावर दाबण्याचे काम स्प्रिंगचे. चाक जितके जड, तितका त्याला परतायला वेळ अधिक. तोवर टायर आणि रस्ता यांत घर्षण नाही. आणि घर्षण नाही म्हणजे ब्रेक नाही, वळणही नाही. चाक, ब्रेक आणि स्प्रिंगखालचे इतर भाग मिळून एका कोपऱ्यात ३५ किलो धरले, तर त्यातले ३ म्हणजे जवळजवळ बारावा हिस्सा. १००० मधले १२ मात्र शंभराव्या हिश्शाच्या किंचित वर. खरा लाभ कुठे, ते इथे दिसते.

म्हणूनच शोभेसाठी मोठी चाके बसवण्याची फॅशन मला पटत नाही. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा हलके खरे, पण अलॉयचे चाक जाड ओततात. दोन आकार मोठे घेतले, तर ते जुन्या पोलादी चाकाहून जडही भरू शकते, शिवाय वजन कडेकडे सरकते. वर टायरची उंची कमी झाल्याने खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. पैसे देण्यापूर्वी दोन्ही चाके, टायरसकट, वजनकाट्यावर ठेवायला सांगा.