चार अक्षरे इंग्रजीची : शेपटीला 'साइड'



कपाशीवर मावा पडला, द्राक्षावर भुरी आली, उसात तण माजले, की आपण तिन्ही वेळा एकच बोलतो : "औषध मारायला पाहिजे." दुकानातून डबा येतो, कोपऱ्यात ठेवला जातो आणि महिन्याभराने कोणता डबा कशाचा हे घरधन्यालाही सांगता येत नाही. डब्यावर मात्र ते लिहिलेले असते, आणि तेही एका शब्दात. त्या शब्दांची शेपटी सारखीच : सी, आय, डी, ई. उच्चार 'साइड'.

ही शेपटी लॅटिन भाषेतली. कापणे, ठार मारणे असा तिचा मूळ अर्थ. आपल्याकडे 'नाशक' जे काम करतो तेच ती करते. नाश कोणाचा, ते शब्दाच्या तोंडाशी पाहावे. 'इन्सेक्ट' म्हणजे कीटक, म्हणून इन्सेक्टिसाइड हे कीटकनाशक. 'फंगस' म्हणजे बुरशी; फंजिसाइड हे बुरशीनाशक. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण याच जातीचे. भुरीवर इन्सेक्टिसाइड मारले तर भुरी हलत नाही, पैसे तेवढे जातात. 'रोडंट' म्हणजे कुरतडणारा प्राणी, त्याचे रोडंटिसाइड, ते उंदराघुशींसाठी.

लाल कोळ्याची गोष्ट निराळी. कीटकाला सहा पाय, पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ. तो कीटकच नव्हे, म्हणून पुष्कळ कीटकनाशकांना तो दाद देत नाही. त्याच्यासाठी डब्यावर माइटिसाइड किंवा अकॅरिसाइड हा शब्द शोधावा.

सर्वांत जपायचा शब्द हर्बिसाइड. 'हर्बल' साबण, 'हर्बल' तेल ऐकून ऐकून हा शब्दही गुणकारी वाटतो. पण 'हर्ब' म्हणजे वनस्पती, आणि शेपटी तर मारणारी! हे तणनाशक. त्यालाच वीडिसाइडही म्हणतात. टू-फोर-डी हे नाव तुम्हांला ठाऊक असेल. रुंद पानांच्या तणावर ते चालते, ऊस-गव्हाला सहसा सोसते. पण कपाशी, द्राक्ष, टोमॅटो ही पिके त्याला फार नाजूक. वाऱ्याने आलेले तुषार किंवा पंपात राहिलेला थोडा अंशसुद्धा पाने वेडीवाकडी करायला पुरतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा हे बरे.

पेस्टिसाइड हा या सर्वांचा मिळून एक शब्द. त्यावरून नेमके काय मरणार ते कळत नाही. दुकानदार तेवढेच बोलला तर पुढचा प्रश्न विचारा.

शाळेतली मुले विचारतील, 'डिसाइड'चे काय? तोही याच घराण्यातला. तिथे मारणे नाही, कापणे आहे : बाकीचे पर्याय छाटून एक ठेवायचा, म्हणजे ठरवायचे. ट्रकमागच्या 'साइड'चा मात्र काही संबंध नाही. त्यात सी नसून एस आहे.

वर्तमानपत्रातला 'सुइसाइड' हा शब्दही याच शेपटीचा. त्याचे तोंड म्हणजे 'स्वतः'. खेड्यात त्या प्रसंगी पुष्कळदा हाच डबा हाताशी सापडतो. म्हणून तो माजघरात, फळीवर, मोकळा कधीच ठेवू नये. कुलूप लावावे आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडे असावी. आपण 'औषध' म्हणतो खरे, पण 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानाच विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे विसरता येत नाही.

शब्दाशेजारी कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग पाहा. लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, तेही विषच.

घरात आठवी-नववीचे पोर असेल तर डबा उघडण्यापूर्वी त्याच्याकडून तो शब्द वाचून घ्या. वाचावे पोराने, डब्याला हात मात्र मोठ्यांनीच लावावा.