घाणा किती मोठा घ्यायचा? आधी स्वयंपाकघरं मोजा



लाकडी घाण्याचा व्हिडिओ टाकल्यापासून धाराशिव, कळंब, उमरगा, लातूर सगळीकडून एकच प्रश्न येतोय. "सर, कोणती मशीन घेऊ?" एका तरुणाने तर ऑलिव्ह तेलाच्या मशीनचा फोटो दाखवून विचारलं, ही आपल्याकडे चालेल का?

त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. मशीन शेवटी निवडायची. आधी दोन गोष्टी ठरवा : बी कोणतं आणि घरं किती.

आधी बी

ऑलिव्ह हे ओलं फळ आहे. ते कोयीसकट दळतात, लगदा घुसळतात आणि जोरात फिरवून पाणी आणि तेल वेगळं करतात. तेही फळ तोडल्यावर लगेच, नाहीतर तेल बिघडतं. राजस्थानात सरकारने ऑलिव्हची लागवड करून लूणकरणसरला तेल काढण्याचं युनिट उभं केलं, कारण बागा तिथे होत्या. आपल्याकडे बाग नाही, मग मशीन कशाला?

आपल्याकडे पेरा सगळ्यात जास्त सोयाबीनचा. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, घरचं सोयाबीन घाण्यात घालू. नका घालू. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 ते 20 टक्के. मोठे कारखाने ते हेक्झेन वापरून काढतात. लाकडी घाण्यात त्यातलं हाताला लागणारं तेल इतकं थोडं असतं की विजेचाही खर्च निघत नाही.

घाण्याला जमतात ते शेंगदाणा, तीळ, करडई. शेंगदाण्यात 45 ते 50 टक्के तेल असतं, तिळात साधारण तेवढंच. करडईत 30 टक्क्यांच्या आसपास, आणि तिचं टरफल कडक. नुसती करडईच काढणार असाल तर लोखंडी एक्स्पेलरही बघा. त्यात तेल जास्त निघतं, पण ते गरम होतं, आणि "लाकडी घाण्याचं" म्हणून विकता येत नाही. काय विकायचंय ते आधी ठरवा.

मग घरं

आता वही काढा. लहान घाण्यात एका वेळी 15 किलोच्या आसपास शेंगदाणे बसतात. एक घाण निघायला पाऊण ते एक तास. दिवसाला सात घाण धरले तर 100 किलोच्या आसपास दाणे. त्यातून 40 किलो तेल, म्हणजे साधारण 44 लिटर. महिन्याला 25 दिवस चालवलं तर 1100 लिटर.

चार माणसांच्या घराला महिन्याला चार लिटर तेल धरा. म्हणजे सगळ्यात लहान घाणा पूर्ण चालवायलाही पावणेतीनशे घरं लागतात. आणि तीही दर महिन्याला परत येणारी, एकदा कौतुकाने बाटली नेणारी नव्हे.

आहेत तुमच्याकडे पावणेतीनशे घरं? नसतील तर दोन घाण्यांचा जोड घेऊन काय करणार?

मी हेच केलं होतं. एका प्रदर्शनात मोठी मशीन बघितली, डेमो बघितला, भारावून गेलो. डेमोतले दाणे त्यांचे होते, निवडलेले, बरोबर ओलाव्याचे. घरी आल्यावर माझी करडई घातली तर तेल कमी आणि पेंड अजून तेलकट. मोटर थ्री फेजची, दुकानात कनेक्शन सिंगल फेजचं. नवीन कनेक्शन मिळेपर्यंत हप्ते सुरू झाले होते. दीड वर्षाने ती मशीन निम्म्या किमतीला विकली. BBA ला ब्रेक-इव्हन शिकलो होतो, पण स्वतःच्या पैशाला ते लावलं नाही.

तेलाचा उतारा बघा, किंमत नंतर

मशीन दहा-वीस हजारांनी स्वस्त मिळते म्हणून खूश होऊ नका. 100 किलो दाण्यामागे दोन किलो तेल कमी निघालं तर दोन लिटरहून जास्त गेलं. तुमचा विक्रीचा दर 280 रुपये धरा, म्हणजे रोजचे 600 रुपये पेंडीत गेले. महिन्याचे 15 हजार! स्वस्त मशीन दोन महिन्यांत महाग पडली.

म्हणून डेमोला जाताना आपलं 15 किलो बी पोत्यात घालून न्या. समोर वजन करा : बी किती, तेल किती, पेंड किती. तेल किलोत मोजा, कारण एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅमच भरतं. "इतके लिटर निघतं" या बोलण्यात तिथेच फसगत होते.

आणि हे विचारा : लाट, म्हणजे मधला फिरणारा लाकडी दांडा, झिजल्यावर बदलून कोण देणार? सिंगल फेजवर किती एचपीची मोटर चालेल? दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

पेंड, पॅकिंग, अनुदान

100 किलो दाण्यातून निम्म्याहून जास्त पेंडच निघते. तिचं गिऱ्हाईक मशीन घेण्याआधी पक्कं करा. भूम, परंडा, वाशीकडे दूध-खव्याचा धंदा आहे, म्हणजे जनावरं आहेत. पण बुरशी लागलेले दाणे कधीच घालू नका, ते विष तेलात आणि पेंडीत दोन्हीकडे जातं. चाळणी आणि निवडायचं टेबल हेही मशीनच समजा. तसंच तेल दोन-तीन दिवस स्थिर ठेवायला स्टीलची टाकी, मग गाळणी. सुटं तेल विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे एफएसएसएआयचा नंबर आणि लेबल पहिल्या बाटलीपासून.

पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान आहे. जरूर घ्या. पण ते कर्जाला जोडलेलं असतं. अनुदान जास्त मिळावं म्हणून मशीन मोठी करणं म्हणजे 35 रुपयांसाठी 65 रुपयांचं ओझं डोक्यावर घेणं.

माझं मत स्पष्ट आहे. आधी तीन महिने जवळच्या घाण्यावर मजुरी देऊन तेल काढून घ्या, आपल्या लेबलने विका. शंभर घरं परत आली की लहान घाणा घ्या. ती दोनशेच्या पुढे गेली की दुसऱ्याचा विचार करा. नाहीच आली, तर तुमचं नुकसान बाटल्यांचं आणि थोड्या दाण्यांचं. घरावरच्या बोज्याचं नाही.

वहीतला हिशेब मांडून बघा, मगच कोटेशन मागा. भेटू पुढच्या व्हिडिओत.