हातचे राखून खेळणारे

गेल्या दिवाळीत सांगलीस एका स्नेह्यांच्या घरी फराळास गेलो असता जो एक लहानसा वाद आमच्या कानी पडला, त्याने आम्हांस अद्याप स्वस्थ बसू दिलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. स्नेह्यांचा पुतण्या महाविद्यालयात शिकतो. मंडळी चिवडा-चकलीचा समाचार घेत असता तो कोपऱ्यात संगणकावर खेळत बसला होता. खेळ ‘फॉलआउट’ नावाचा, 1997 साली अमेरिकेत निघालेला, म्हणजे खेळणाऱ्यापेक्षा वयाने वडील. अणुयुद्धाने जग बेचिराख झाले आहे, काही माणसे भुयारी वसाहतींत जगून राहिली आहेत, आणि अशा एका वसाहतीचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक भाग निकामी झाल्यामुळे तो 150 दिवसांच्या आत शोधून आणण्यासाठी एका रहिवाशास बाहेर धाडले आहे, असे त्याचे संविधानक. त्या रहिवाशाचे सोंग खेळणाऱ्याने घ्यावयाचे. त्याचे बळ किती, बुद्धी किती, माणसांवर छाप किती, दैव कितपत अनुकूल, अशा 7 गुणांची वाटणी आरंभीच करावयाची, आणि मग वाळवंटात पाऊल टाकावयाचे. आमच्या या तरुणाने आपल्या पात्रास बळ अगदी बेताचे दिले होते. आणि शिवाय आपल्याच मनाने असा नेम केला होता की, हा मनुष्य कोणावरही म्हणून शस्त्र धरणार नाही.

परिणाम व्हावयाचा तोच होत होता. ते बिचारे पात्र राक्षसी विंचवांपुढून पळत सुटे, गाठले जाई, मरे. आणि हा पठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. घरातील एक वडीलधारे गृहस्थ बराच वेळ हे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, “अरे, कमरेला पिस्तूल आहे ना त्याच्या? मग मुद्दाम पांगळे होऊन खेळण्यात कसली मर्दुमकी? हे हातचे राखून खेळणे झाले.” मुलगा मान वर न करता म्हणाला, “काका, पिस्तूल आहे हो. पण हा माणूस ते नाही चालवणार.” सगळी मंडळी हसली. सांगण्यास संकोच वाटतो, पण आम्हीही हसलो.

घरी आल्यावर मात्र त्या हसण्याचा आम्हांस राग आला. काकांचा आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे. खेळ जिंकण्यासाठी असतो. खेळ रचणाऱ्याने जे साधन हाती दिले ते टाकून देणे हा एक तर मूर्खपणा, नाही तर मिजास. कबड्डीच्या मैदानावर हा आक्षेप आम्ही निमूट मान्य करू, कारण तेथे समोर जिवंत गडी उभा असतो आणि त्याच्याशी अर्ध्या बळाने खेळणे हा त्याचा अपमान होय. बुद्धिबळाचीही तीच गोष्ट. ज्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले पटापुढे बसविली, त्या सांगलीत कोणी आपला वजीर उगाच पेटीत ठेवून खेळू लागला तर त्यास वेडा म्हणतील. परंतु त्याच बुद्धिबळाच्या आपल्या जुन्या देशी रिवाजात वजिराने केलेल्या मातीपेक्षा प्याद्याने केलेली मात श्रेष्ठ मानीत, आणि ती साधण्यासाठी हाती आलेली सोपी मात सोडून देणारे खेळाडू असत, हे काकांच्या पिढीस सांगावयास नको. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांस हा भेद ठाऊक नाही. नियमास ठाऊक नसलेली थोरवी खेळणाऱ्यास ठाऊक असू शकते, एवढेच येथे लक्षात घ्यावे.

पण बुद्धिबळाचा हा दाखला आम्ही ओघाने दिला. मुलाचा खेळ बुद्धिबळाच्या जातीचा नाहीच. तो नाटकाच्या जातीचा आहे. आणि म्हणूनच हा आक्षेप सांगलीत निघावा याचे आम्हांस विशेष वैषम्य वाटते. 1843 साली याच गावी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला. त्या नाटकांची रीत कशी होती? सूत्रधार पदे म्हणे. पात्रांची भाषणे मात्र कोणी लिहून देत नसे. नटास सोंग दिले, प्रसंग सांगितला, की पुढचे बोलणे ज्याचे त्याने आपल्या अकलेने, पण सोंगाच्या मर्यादेत राहून करावयाचे. संगणकापुढे बसलेला तो पोर याहून निराळे काय करीत होता? त्यास प्रसंग मिळाला होता, सोंग त्याने पसंत केले होते, आणि त्या सोंगाची मर्यादा तो सांभाळीत होता.

सीतास्वयंवराचेच आख्यान घ्या. रावणाच्या सोंगासाठी निवडावयाचा तो नट धिप्पाडच निवडतात. रंगभूमीवरचे शिवधनुष्य कळकाचे, फार तर लाकडाचे. शाळकरी पोरानेही सहज उचलावे असे. तरी रावणास ते उचलत नाही. तो दात-ओठ खातो, घाम पुसतो, अखेर धनुष्य उरावर घेऊन पडतो, आणि त्याच्या निम्म्या वजनाचा राम ते लीलेने उचलतो. आमच्या काकांनी त्या रावणासही ओरडून सांगितले असते काय, की अरे, तुझ्या दंडात जोर आहे ना, मग उचल की? उचलले तर नाटक तेथेच संपते. आणि केवळ दंडातील जोर दाखवावयाचा तर त्यासाठी तालीम आहे, आखाडा आहे.

पुराणांत शिरलो आहोत तर आणखी दोन पावले जाऊ. भीष्मास शिखंडीवर बाण सोडता येत नव्हता असे नाही. तो सोडणार नव्हता. पांडवांनी त्या नेमाचा फायदा घेतला आणि भीष्म पडला. श्रीकृष्णाने शस्त्र न धरण्याचा पण केला आणि भीष्माच्या बाणांनी अर्जुन हतबल झालेला पाहून तो पण जवळजवळ मोडला. या दोन प्रसंगांतून त्यांचे नेम वजा करा आणि काय उरते ते पाहा. दोन बलाढ्य योद्धे उरतात, आणि कुरुक्षेत्रावर तसल्यांची वाण नव्हती.

येथे कोणी साहित्यरसिक म्हणेल की, स्वतःहून घातलेली बंधने ही केवळ कसरत असते. तीत रस कोठला? या शंकेत तथ्य आहे, आणि तिचे उत्तर आमच्या मते दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त आहे. त्याच्या सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली हकीकत सांगतो ती ओठांनी उच्चारावयाचे वर्ण सर्वस्वी टाळून. का? तर प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावले आहेत, ते मिटले की वेदना होतात. बंधन केवढे अवघड! पण ते पात्राच्या देहातून निघाले आहे. आता आमच्या मोरोपंतांकडे वळा. पंतांनी निरोष्ठ रामायण रचिले. त्यातही ओष्ठ्य वर्ण नाहीत. शब्दप्रभुत्व पाहून मान डोलते. परंतु तेथे कोणाचे ओठ दुखत आहेत? पंतांविषयी आम्हांस अतीव आदर आहे, तरी हे लिहिणे भाग आहे की, दंडीचे बंधन भूमिकेचे आहे आणि पंतांचे बंधन पैजेचे. संगणकावरच्या खेळांतही नेमके हेच दोन पंथ आहेत. अंगावर एकही वस्त्र न घालता वा एकाच हाताने खेळून जिंकणारे महाभाग आहेत. त्यांच्या कौशल्यास नमस्कार. आमची वकिली त्यांच्यासाठी नाही. “हा माणूस चालवणार नाही,” असे जो म्हणतो त्याच्यासाठी आहे.

पैजेतूनही कधी कधी भूमिका जन्मास येते, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ‘पोकेमॉन’ या जपानी खेळात पाळलेले प्राणी झुंजीत मूर्च्छित होतात आणि शुश्रूषागृहात नेताच फुकट बरे होतात. 2010 साली निक फ्रँको नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने स्वतःपुरता नियम केला की, मूर्च्छित झाला तो मेला, त्यास पुन्हा खेळवावयाचे नाही. आणि प्रत्येक प्रदेशात जो प्राणी प्रथम भेटेल तेवढाच धरावयाचा. त्या खेळाची हकीकत त्याने व्यंगचित्रांत काढली आणि ‘नझलॉक’ या नावाने ती रीत जगभर पसरली. पुढे तीत प्रत्येक प्राण्यास नाव ठेवण्याची चाल पडली. जे काल एक आकडा होते त्यास आज नाव आहे आणि मरण आहे. मग खेळणाऱ्याचा हात पुढची चाल करताना थबकतो. खेळ तोच, यंत्र तेच.

आणि यंत्राचा उल्लेख आला म्हणून सांगतो. हे सोंगांचे खेळ मूळ 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने कागद, पेन्सिल आणि फासे यांवर सुरू झाले. तेथे टोळके भोवती असते, खेळ चालविणारा एक सूत्रधार असतो. तुमचे पात्र आपल्या स्वभावाबाहेर वागले तर चार जण हटकतात. संगणकापुढे हटकणारे कोणी नाही. यंत्रास एवढेच कळते की बळाचा आकडा 3 आहे. हा मनुष्य रक्त पाहून का शहारतो, हे त्यास कळत नाही आणि कळवून घेण्याची त्यास गरजही नाही. पिस्तूल झाडले तर ते मुकाट्याने गुण वाढवील. ‘अंडरटेल’ नावाच्या 2015 सालच्या खेळात कोणासही न मारता शेवटास गेल्यास खेळ स्वतःच गोड शेवट बहाल करतो. खेळ उत्तम आहे, पण तेथे अहिंसेची मजुरी रोख मिळते. आमच्या तरुणास ती मिळत नव्हती. वचन देणारा तोच, घेणारा तोच आणि साक्षीदारही तोच.

याच कारणासाठी, या पंथातील ढोंग्यांचा आम्हांस काकांपेक्षाही अधिक तिटकारा आहे. मरण आले की जपून ठेवलेल्या मागल्या क्षणावर गुपचूप परत जावयाचे, आणि चारचौघांत मात्र आपल्या कडक नेमाची टिमकी वाजवावयाची, अशी माणसे थोडी नाहीत. एकादशी करून दुपारी मागील दारी भजी खाणाऱ्यांचे हे सख्खे भाऊ. नेम मोडला तर मोडला म्हणावे. कृष्णाचाही मोडता मोडता राहिला. न मोडल्याची बतावणी कशाला?

दुसरा वर्ग त्याहून मोठा, आणि आमच्या काकांचे लाडके पुतणे खरे म्हणजे तेच. खेळ उघडण्याआधी हे शोधतात की, सर्वांत बळकट पात्र कसे घडवावे. गुण अमुक असे वाटा, शस्त्र तमुक घ्या, या माणसास मारा, त्याला लुटा. सारे सिद्ध, परीक्षेच्या ‘अपेक्षित प्रश्नसंचा’सारखे. मग लाखो लोक शेकडो तास एकच मनुष्य होऊन खेळतात, आणि तो मनुष्य कोणीच नसतो. त्याला येत नाही असे काही नाही, तो करणार नाही असेही काही नाही. ज्या मुलांना शाळेपासून आपण हेच शिकविले की हाती लागेल ते वापर आणि पुढे जा, त्यांनी खेळातही तसेच करावे यात त्यांचा दोष थोडा. परंतु त्यांच्यात एखादा निराळा निघाला, तर निदान त्यास हसू तरी नये.

पंधरा दिवसांनी आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. मुलगा खेळाच्या जवळजवळ शेवटास पोहोचला होता. तेथे एक महाभयंकर पुरुष आहे. माणसांना पालटून त्यांची नवी बलाढ्य प्रजा तो निर्माण करीत आहे. त्यास शस्त्रावाचून जिंकण्याची एक वाट खेळात खरोखर आहे: त्याची ही प्रजा वांझ आहे, तिला संतती होणार नाही, हे पुराव्यानिशी त्यास पटवून द्यावयाचे. ते पटले की तो हताश होतो आणि स्वतःसह आपल्या साऱ्या वास्तूचा नाश करतो. मुलाने पुरावा मिळविला होता, बोलण्याची कला पात्रास भरपूर दिली होती. पण पात्र चार दिवस दारातच उभे होते.

काकांनी विचारले, “आता काय अडले? बोल की त्याच्याशी.”

“बोललो की तो मरतो, काका. आत आणखी माणसे आहेत, तीही मरतात.”

“पण शस्त्र कुठे धरलेस तू?”

“तेच तर,” मुलगा म्हणाला. “मी शस्त्र न धरण्याचा नेम केला होता. आता वाटते, नेम चुकीचा केला.”

काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची जवळ ओढली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढविला आणि म्हणाले, “दुसरी वाट असेल कुठेतरी. मागे घे बघू, नीट पाहू.” आम्ही चहा घेऊन निघालो तेव्हा दोघेही पडद्यापुढे होते.