तेलाच्या लढाईला आमची माणसे मिळणार नाहीत

युद्धाची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांनो, तुम्ही वॉशिंग्टनचे असा, लंडनचे असा की दिल्लीचे, हा इशारा तुम्हाला आहे. ज्या देशाच्या जमिनीखाली तेल आहे तिथे फौज पाठवायची असेल, तर आधी सगळे कागद जनतेसमोर ठेवा. कागद दाबून ठेवायचे आणि वर देशभक्तीच्या घोषणा द्यायच्या, हे आता खपवून घेतले जाणार नाही.

असे बजावण्याचा हक्क आमच्या माणसांनी जीव देऊन कमावला आहे. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत आजही एक दगडी पाटी दिसते. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. कशासाठी गेले, ते कोरलेले नाही. त्यांतले पुष्कळ जण मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेले होते. जून १९१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून जास्त भागभांडवल सरकारने घ्यायला मंजुरी दिली, कारण आरमार कोळशावरून तेलावर आणायचे होते. कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आबादानला, तुर्कांच्या हद्दीला लागून. ऑक्टोबरमध्ये पुणे डिव्हिजनची पहिली फौज मुंबई बंदरातून निघाली, तेव्हा तुर्कस्तानशी युद्ध जाहीरही झालेले नव्हते! नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती फाओच्या किनाऱ्यावर उतरली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती.

पुढे तुर्कांनी मेसोपोटेमियातल्या कूतला घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी जवळजवळ पाच महिने अडकून पडल्या. धान्य संपत आले, घोडे मारून खायची पाळी आली आणि ते मांस कित्येक हिंदी शिपायांच्या घशाखाली उतरेना. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातली पायपीट, रेल्वेच्या कामावरची वेठ. हजारो जण परत आलेच नाहीत. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडल्यावर ब्रिटिश जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला की आमचे सैन्य तुमची मुक्तता करायला आले आहे. ऑगस्ट १९१८ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांना लिहीत होते की इराण आणि मेसोपोटेमियातले तेल ताब्यात ठेवणे हे युद्धाचे अव्वल दर्जाचे उद्दिष्ट ठरते. कूतमध्ये गेलेल्याच्या आईला हे पत्र कोणी वाचून दाखवले नाही.

बगदाद पडल्याला शहाऐंशी वर्षे झाली आणि २००३ च्या इराक युद्धात पुन्हा तेच बगदाद, पुन्हा तीच मुक्ततेची भाषा. या लढाईचा तेलाशी काडीचाही संबंध नाही, असे अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये ठासून सांगितले. लंडनमध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही तेलाचा संशय उडवून लावला. त्याच सुमारास त्यांच्याच सरकारच्या व्यापारमंत्री बीपी या तेल कंपनीच्या प्रतिनिधींना भेटत होत्या आणि युद्धानंतरच्या इराकी तेलात ब्रिटिश कंपन्यांना वाटा मिळावा यावर बोलणी चालली होती. त्या बैठकांच्या नोंदी लोकांना २०११ साली वाचायला मिळाल्या. तोवर हजारो घरे उजाड झाली होती.

वॉशिंग्टनमध्ये उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा ऊर्जा गट होता. हे गृहस्थ २००० पर्यंत हॅलिबर्टन या तेलक्षेत्रातल्या कंपनीचे प्रमुख. गटाचे कागद उघड होऊ नयेत म्हणून ते सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले. तरी २००३ च्या जुलैमध्ये काही कागद बाहेर आलेच. त्यांत इराकचा एक नकाशा निघाला: तेलक्षेत्रे, पाइपलाइन, रिफायनऱ्या, शोधाचे पट्टे. सोबत इराकी कंत्राटे मागणाऱ्या परदेशी कंपन्यांची यादी. तारीख मार्च २००१ ची, न्यूयॉर्कचे मनोरे पडण्याआधी सहा महिन्यांची. शेजारी देशांचेही नकाशे त्यांत होते, हे मान्य. मग ते दोन वर्षे दडवायचे कारण काय?

ज्या संहारक अस्त्रांचे कारण युद्धासाठी पुढे केले, ती सापडलीच नाहीत. एप्रिल २००३ मध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय दिवसाढवळ्या लुटले जात होते, आणि अमेरिकी सैन्याचा पहारा तेल मंत्रालयाच्या दाराशी होता. तेलविहिरींच्या दुरुस्तीचे कंत्राट हॅलिबर्टनच्याच उपकंपनीला निविदा न काढता मिळाले. तेल हेच एकमेव कारण होते असे आम्ही म्हणत नाही. जुना हिशेब होता, सत्तेचा माज होता, आणि इराकी तेलाच्या पुढच्या लिलावांत चिनी आणि रशियन कंपन्याही आल्या. पण जे कारण मनात होते ते लोकांपासून लपवले गेले, आणि गुन्हा तिथेच आहे.

इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनही साव नव्हता. ऑगस्ट १९९० मध्ये त्याने कुवेत गिळला तो कर्जापायी आणि रुमैला तेलक्षेत्राच्या भांडणापायी, वर मुलामा अरब ऐक्याचा. लाखाहून जास्त भारतीयांना आयुष्यभराची कमाई तिथेच टाकून परतावे लागले, आणि त्यांना घेऊन येणारी विमाने मुंबईला उतरत होती.

आता दिल्लीकडे वळतो. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे सुमारे १७ हजार सैनिक मागितले होते. १४ जुलैला वाजपेयी सरकारने नकार दिला, आणि तो योग्यच होता. पण त्याआधी कित्येक आठवडे घोळ चालला. सैन्य पाठवले तर पुनर्बांधणीच्या कंत्राटांत वाटा मिळेल, असे सांगणारे तेव्हाही होते. आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, त्यामुळे हा मोह पुन्हा पडणार. पुढचे सरकार कोणाचेही असो, आम्ही त्याच्या सद्‌बुद्धीवर विसंबून राहणार नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या ४८ आणि गोव्यातल्या २ लोकसभा खासदारांना स्पष्ट सांगतो. परक्या तेलक्षेत्रात भारतीय जवान पाठवण्याची गोष्ट निघाली, की त्या दिवसापासून सात दिवसांत सरकारकडून हे वदवून घ्या: कोणत्या तेल कंपनीचे आणि शस्त्र कंपनीचे लोक कोणत्या मंत्र्याला कधी भेटले, काय बोलणे झाले, मंत्र्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या नावावर त्या कंपन्यांचे किती शेअर आहेत, आणि ज्या पुराव्यावर युद्ध उभे आहे तो कोणी तपासला. मग सभागृहात मतदान घ्या, तेही नावानिशी. आवाजी मतदान चालणार नाही. न्यू जर्सीत आणि लंडनमध्ये मतदार असलेल्या मराठी माणसांनी आपापल्या प्रतिनिधीला हेच प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर लेखीच घ्यावे.

सात दिवसांत हे झाले नाही, तर आठव्या दिवसापासून गावबंदी. त्या खासदाराला गावात सभा घेऊ देणार नाही, त्याच्या पक्षाचा झेंडा वेशीच्या आत येऊ देणार नाही, आणि पुढच्या निवडणुकीत त्याच्या नावापुढचे बटण दाबले जाणार नाही. जो कागद मागेल त्याच्या पाठीशी आम्ही उभे राहू, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. ही मुदत वाढवून मिळणार नाही.