घासणे आणि राखणे

मोटारगाडीच्या रंगास घरच्या घरी पॉलिश करणे व मेण लावणे हा विषय शाळेच्या वार्षिक अंकात शोभेल काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. आमच्या मते तो शोभतो. इतकेच नव्हे, तर जेथे ऊन कडक, धूळ विपुल आणि पाणी मोजके, त्या आपल्या पूर्णेसारख्या गावी तो अगत्याचा आहे. हल्ली पुष्कळ घरांपुढे मोटार, निदान मोटारसायकल, उभी असते. ती बहुधा कर्जाने घेतलेली असून तिचे हप्ते फिटावयाचे असतात. परंतु तिची निगा कशी राखावी हे फार थोड्यांस ठाऊक असते. आणि जे ठाऊक आहे असे वाटते, त्यातील बराच भाग अपायकारक असतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, गाडी घासावी क्वचित, मेण लावावे नियमाने, आणि ही दोन्ही कामे घरच्या वडील माणसांनी मुलांना बरोबर घेऊन आपल्या हातांनी करावी.

पॉलिश आणि मेण हे दोन शब्द आपल्याकडे बहुधा एकाच अर्थाने योजतात. वस्तुतः ती कामे परस्परांच्या उलट आहेत. घरातील तांब्यापितळेची भांडी पाहा. चिंच व राख लावून घासले म्हणजे भांडे लखलखते, कारण त्याचा काळवंडलेला वरचा थर निघून जातो. कल्हईवाला मात्र भांडे तापवून त्यावर कथिलाचा नवा थर चढवितो. एकात काढणे आहे, दुसऱ्यात चढविणे आहे. मोटारीचे पॉलिश हे चिंच-राखेच्या जातीचे होय. त्यात अतिशय बारीक खरवडणारे कण असतात. मेण हे कल्हईच्या जातीचे होय. हा भेद ज्यास कळला त्यास या विद्येचा अर्धा भाग आला असे समजावे.

आता जे काढावयाचे ते मुळात किती असते, हे पाहू. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर गंजापासून रक्षण करणारा लेप, त्यावर अस्तराचा रंग, त्यावर खरा रंग आणि सर्वांच्या वर बिनरंगी पारदर्शक थर, अशी रचना असते. हे सर्व थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरचा पारदर्शक थर तर ३५ ते ५० मायक्रॉनांचाच, म्हणजे तुमच्या वहीच्या पानाच्या निम्म्या जाडीचा असतो. सूर्यप्रकाशातील अदृश्य जंबुपार किरण अडविण्याचे काम त्याच्याकडे असते. भरड रबिंगच्या एका फेरीत त्यातील दोन-चार मायक्रॉन सहज जातात. दर सणाला गाडी ‘रबिंग-पॉलिश’ करून आणणारा गृहस्थ आपण गाडी जपतो असे समजतो. प्रत्यक्षात तो व्याजावर भागविण्याऐवजी मुद्दल खात असतो. थर फार पातळ झाला म्हणजे सापाने कात टाकावी तसे त्याचे पापुद्रे सुटू लागतात, आणि मग पुन्हा रंग काढून घेण्यावाचून उपाय राहत नाही.

वारंवार घासण्याची ही चाल जुन्या काळी निर्माण झाली, आणि त्या काळी ती सयुक्तिक होती. १९२३ साली अमेरिकेत ‘ड्यूको’ नावाचा झटपट वाळणारा लॅकर-रंग मोटारींस लावू लागले. त्याच्यावर पारदर्शक थर नसे; उन्हाने वरचा रंग फिका पडे आणि तो थोडासा घासून काढला म्हणजे खालून ताजा रंग दिसे. १९८० नंतरच्या दशकांत पारदर्शक थराचा प्रघात सर्वत्र पडला. गाडी बदलली, सवय मात्र तीच राहिली. आपल्या गाडीवर असा थर आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. कोपऱ्यात किंचित पॉलिश घासून पाहावे. फडक्यास गाडीचा रंग लागला तर थर नाही, न लागला तर आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. अशा तापलेल्या रंगावर पाखराची विष्ठा पडली तर तिच्यातील आम्लाने रंगावर कायमचा डाग उठतो. म्हणून सावलीसाठी लिंबाखाली गाडी लावणाऱ्याने ती विष्ठा त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून हलकेच काढावी. परंतु आमच्या मते सर्वांत मोठा शत्रू ऊन नव्हे, पाखरूही नव्हे, तर रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची आपली सवय होय. रस्त्यावरील धुळीत वाळूचे कठीण कण असतात. कोरडे फडके त्यांस रंगावरून ओढत नेते आणि दर सकाळी हजारो बारीक ओरखडे उमटविते. गाडी निस्तेज झाली असे जे आपण म्हणतो, ते बहुधा या ओरखड्यांचेच जाळे असते. ते घालविण्यासाठी मग घासणे येते, आणि रोग व औषध दोन्ही मिळून रंग खातात.

दुसरा शत्रू पाण्यात लपलेला असतो. विंधनविहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड, म्हणजे चुना व मॅग्नेशियम यांच्या क्षारांनी युक्त असते. पूर्णेसारख्या रेल्वेच्या जुन्या जंक्शनात हे निराळे सांगावयास नको. वाफेच्या एंजिनांच्या काळी जड पाण्याची पुटे बाष्पकात साचत व ती खरवडून काढावी लागत. तेच पाणी मोटारीवर उन्हात वाळले म्हणजे पांढरे ठिपके मागे ठेवते. यास्तव गाडी धुतल्यावर ती आपोआप वाळू देऊ नये. लगेच टिपून घ्यावी.

प्रत्यक्ष कृती अशी. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी, पत्रा हातास थंड लागत असता, गाडी सावलीत उभी करावी. प्रथम नुसत्या पाण्याने धूळ भिजवून वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या. एकीत मोटारीच्या शांपूचे पाणी, दुसरीत साधे. शांपूच्या पाण्यात फडके बुडवून छतापासून खाली यावे, आणि प्रत्येक वेळी फडके साध्या पाण्यात खळबळून त्यातील माती काढून टाकावी. कपड्यांची वा भांड्यांची पूड वापरू नये. ती मेण धुऊन नेते. रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवू नये. त्याची चमक तासाभराची असते आणि त्यावर धूळ मात्र चिकटते. पुसण्यास मायक्रोफायबरचे मऊ कापड घ्यावे, आणि ते जमिनीवर पडल्यास पुन्हा धुतल्यावाचून वापरू नये.

पॉलिशची गरज आहे की नाही हे यानंतर ठरवावे. ओरखड्यावरून नख फिरविले असता ते अडकत असेल, तर तो ओरखडा पॉलिशने जाणार नाही. तेथे हट्टाने घासणे व्यर्थ होय. नख अडकत नसेल व रंग खरोखर निस्तेज असेल, तरच सौम्य पॉलिश घेऊन वीतभर जागा एका वेळी, हलक्या हाताने, घासावी. असे काम वर्षातून एकदा पुरे; न केले तरी चालेल. मेण मात्र दोन-तीन महिन्यांनी लावावे. ते बोटभर घेऊन अगदी पातळ पसरावे, धुरकट दिसू लागले की स्वच्छ कापडाने पुसून काढावे. जाड थर दिल्याने रक्षण वाढत नाही, श्रम मात्र वाढतात. काळ्या प्लास्टिकवर ते लागू देऊ नये, पांढरे डाग पडतात. मोटारसायकलच्या ब्रेकच्या चकतीस आणि टायरच्या जमिनीस टेकणाऱ्या भागास तर मेण वा पॉलिश कदापि लावू नये. तेथील चकाकी जिवावर बेतेल.

हे मेण कोठून येते हेही मुलांनी जाणावे. मोटारीच्या उत्तम मेणांत कार्नोबा नावाचे मेण असते. ते ब्राझीलच्या ईशान्येकडील एका ताडवृक्षाच्या पानांवरून झाडून काढतात. तो प्रदेश कोरडा आहे. आपल्यातील पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेणाचा लेप धारण करते. ते सुमारे ८२ अंशांपर्यंत वितळत नाही; मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांतच वितळते. म्हणजे अवर्षणाशी झुंजण्यासाठी निर्माणकर्त्याने एका झाडास दिलेली युक्तीच आपण येथल्या उन्हात वापरतो. अळवाच्या पानावर थेंब का ठरत नाही, याचेही उत्तर पानावरील मेणच होय. मेण लावलेल्या गाडीवर पाणी तसेच थेंब होऊन घरंगळते. ते पसरू लागले की मेण संपले असे समजावे.

येथे पाण्याचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१६ सालच्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातुरास पिण्याचे पाणी न्यावे लागले, हे मराठवाड्यातील कोणासही विसरता येणार नाही. अशा मुलखात रबरी नळी सोडून गाडी धुणे आम्हांस शोभत नाही. नळीतून मिनिटास दहा-पंधरा लिटर पाणी सहज जाते. पाव तासात दीडशे लिटर वा अधिक गटारात जाते. वर सांगितलेल्या रीतीने तीन बादल्यांत, म्हणजे सुमारे पन्नास लिटरांत, तेच काम होते. शिवाय मेण लावलेल्या गाडीस धूळ कमी धरते, म्हणून ती कमी वेळा धुवावी लागते. मेणाचा खरा लाभ हा आहे. चकाकी हे त्याचे दुय्यम फळ होय.

कोणी म्हणतील, पैसे टाकले की दुकानदार हे सर्व करून देतो, आपण हात का मळवावे? डेंटिंग-पेंटिंगचे काम कुशल कारागिराचे आहे, ते त्यासच द्यावे आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. परंतु धुणे व मेण लावणे हे हलके काम आहे, म्हणून ते दुसऱ्याने करावे, हा विचार आम्हांस मान्य नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मुलींस अक्षरांबरोबर विणकाम व छापखान्याचे कामही शिकविले, ते हातांच्या श्रमास कमी लेखू नये म्हणूनच. ज्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेत तरी धुण्याच्या कामास हलके म्हणता येणार नाही. ज्या मुलाने एकदा तासभर वाकून दरवाज्याचा पत्रा टिपला, तो पुढे त्यावर नखाने नाव कोरणार नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीवरही कोरणार नाही.

दुसरे कोणी म्हणतील, हा सारा बाह्य देखावा आहे. वाटीची बाहेरची बाजू घासणाऱ्यांस प्रभूने काय म्हटले ते आठवा. आम्ही ते विसरलो नाही. शेजाऱ्यास दिपविण्यासाठी गाडी चकचकीत ठेवणे आणि ब्रेकांकडे दुर्लक्ष करणे हा दांभिकपणाच होय. परंतु राखणे हे देखाव्याहून निराळे आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपला शेतकरी बैलाचे खांदे तूप-हळद लावून मळतो. ज्या खांद्यांनी वर्षभर जू वाहिले, त्यांची ती विचारपूस असते. झूल दुसऱ्या दिवशी चढते. खांदेमळण आधी आणि झूल नंतर, हा क्रम आमच्या शेतकऱ्याने बरोबर जाणला आहे.

विद्यार्थ्यांनो, घरी गाडी नसेल तर सायकल असेल, सायकल नसेल तर शाळेचे बाक आहे. जे आपल्या हाती सोपविले आहे, त्याचे आपण मालक नसून कारभारी आहो, हे ध्यानात ठेवा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती की, येत्या सुट्टीत एका सकाळी मुलांना हाक मारा, तीन बादल्या भरा, आणि कोरडे फडके घरातच राहू द्या.